मोर्स कोड कानाने शिकावा: संगणकावरील सरावाची रीत

मोर्स कोड (लहान-मोठ्या स्वरांतून अक्षरे पाठवण्याची सांकेतिक रीत) शिकायचा म्हटले की बहुतेक जण आधी टिंबे आणि रेघांचा तक्ता शोधतात, तो छापून भिंतीवर लावतात आणि पाढे पाठ करावेत तसा पाठ करू लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि घरच्यांशी मोबाइलवर बोलणे कधी होई, कधी न होई. त्या दिवसांत बिनतारी संपर्काचे मोल मनावर ठसले, म्हणून मी कोल्हापुरात घरच्या संगणकावर मोर्स शिकायला बसलो आणि मीही असाच तक्ता घेऊन बसलो. आठवड्याभरात सगळी अक्षरे तोंडपाठ झाली. पण मिनिटाला सात-आठ शब्दांच्या पुढे गती काही केल्या सरकेना, आणि चार महिन्यांनी ते सगळे बाजूला ठेवून केवळ कानाने नव्याने सुरुवात करावी लागली. पुढे जे सांगितले आहे ते त्या दुसऱ्या सुरुवातीतून हाती लागलेले आहे, आणि ज्यांनी अजून तक्ता पाहिलेला नाही त्यांनी तो पाहूच नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गती अडते ती का, हे साध्या हिशेबाने कळते. मोर्सची गती मोजताना इंग्रजी लिपीतला ‘पॅरिस’ हा पाच अक्षरांचा शब्द प्रमाण धरतात. मिनिटाला 8 शब्द म्हणजे 40 अक्षरे, म्हणजे एका अक्षराला दीड सेकंद मिळतो. तेवढ्या वेळात आवाज ऐकणे, त्यातील लहान-मोठे स्वर मोजणे, मनातल्या तक्त्यावर नजर फिरवणे आणि अक्षर लिहिणे ही चारही कामे कशीबशी उरकतात. मिनिटाला 20 शब्दांवर मात्र एका अक्षराला 0.6 सेकंदच मिळतो, आणि एवढ्यात मोजणी आणि शोध दोन्ही होणे शक्य नसते. म्हणून अक्षराचा आवाज ऐकताक्षणी अक्षरच सुचले पाहिजे, मधली पायरी असताच कामा नये. कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीत संस्थेत तबला शिकणारे मूल ‘धा धिं धिं धा’ हे बोल मात्रा मोजत ओळखत नाही. पढंत (बोल तोंडाने म्हणणे) करता करता ठेक्याची आकृतीच त्याच्या कानात बसते. मोर्सचे अक्षरही असेच एका तुकड्याने ओळखायचे असते.

मोजमाप मात्र एकदा नीट समजून घ्यावे, कारण सॉफ्टवेअरमधील आकडे त्यावरच बेतलेले असतात. लहान स्वराला ‘डिट’ म्हणतात आणि त्याचा कालावधी एक मात्रा धरतात. मोठा स्वर ‘डा’ तीन मात्रांचा असतो. एकाच अक्षरातील दोन स्वरांमध्ये एक मात्रा, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा आणि दोन शब्दांमध्ये सात मात्रा विराम असतो. ‘पॅरिस’ हा शब्द त्याच्या पुढच्या विरामासह बरोबर 50 मात्रांचा होतो, म्हणूनच तो प्रमाण ठरला. 1200 ला गतीच्या आकड्याने भागले की एका डिटचे मिलिसेकंद मिळतात: मिनिटाला 20 शब्दांवर डिट 60 मिलिसेकंदांचा आणि डा 180 मिलिसेकंदांचा.

येथे मराठी वाचकाला एक मोह हमखास होतो. शाळेत वृत्ते शिकलेल्या माणसाला डिट म्हणजे लघू आणि डा म्हणजे गुरू हे लगेच सुचते, आणि ‘यमाताराजभानसलगा’ आठवत असेल तर आणखी एक गंमत दिसते. मोर्समध्ये तीन स्वरांची अक्षरे आठच आहेत आणि आपले गणही आठच. यगण म्हणजे डब्ल्यू, मगण म्हणजे ओ, तगण म्हणजे जी, रगण म्हणजे के, जगण म्हणजे आर, भगण म्हणजे डी, नगण म्हणजे एस आणि सगण म्हणजे यू. एकही सुटत नाही आणि एकही उरत नाही. हे जुळणे मला फार सुंदर वाटते. तरीही शिकताना त्याचा आधार घेऊ नये, याला दोन कारणे आहेत. एक तर गुरू दोन मात्रांचा आणि डा तीन मात्रांचा, त्यामुळे श्लोकाच्या चालीत म्हटलेला मोर्स आखूड पडतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: रगण आठवून त्यावरून ‘के’ काढणे हाही तक्ताच आहे, फक्त तो भिंतीवर नसून डोक्यात आहे.

सॉफ्टवेअर कोणते आणि ते कसे लावावे

1930 च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तारायंत्र चालवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास करून एक पद्धत सुचवली, आणि आजची बहुतेक सरावाची सॉफ्टवेअर तिच्यावरच उभी आहेत. पहिल्या दिवसापासून अक्षरे पूर्ण गतीने ऐकवायची, पण सुरुवातीला फक्त दोन. ती शंभरांत 90 बरोबर येऊ लागली की तिसरे अक्षर घालायचे, मग चौथे, आणि असे शेवटपर्यंत जायचे. माणसाने हे शिकवायचे म्हटले तर त्याला तासन्‌तास समान गतीने मोर्सची की (संदेश पाठवायची कळ) दाबत बसावे लागेल; संगणक मात्र न थकता, एकाही मात्रेचा फरक न करता, हवी तितकी नवी यादृच्छिक अक्षरे वाजवतो आणि उत्तर लगेच तपासतो. या एका कामासाठी संगणकाइतका चांगला शिक्षक नाही.

ब्राउझरमध्ये चालणारे ‘लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन’, म्हणजेच एलसीडब्ल्यूओ, हे मी सर्वांना आधी सुचवतो. सीडब्ल्यू हे रेडिओवरील मोर्सचे रूढ नाव. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, काही उतरवून घ्यावे लागत नाही, आणि खाते उघडल्यास रोजची प्रगती नोंदली जाते. त्यात कॉख पद्धतीचे 40 धडे आहेत: पहिल्यात के आणि एम, मग पुढे यू, आर, ई, एस, एन, ए अशा क्रमाने एकेक अक्षर वाढते. इंटरनेट बेभरवशाचे असेल तर विंडोजवर बसवता येणारे ‘जी4एफओएन कॉख ट्रेनर’ किंवा ‘जस्ट लर्न मोर्स कोड’ घ्यावे. दोन्ही विनामूल्य आहेत आणि एकदा बसवली की जोडणीशिवाय चालतात. आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट जाते तेव्हा मला याचा फार उपयोग झाला. एकाच वेळी तीन-तीन सॉफ्टवेअर वापरू नयेत, कारण त्यांचा अक्षरांचा क्रम वेगळा असू शकतो आणि ‘अमुक अक्षर आपण शिकलो का’ हाच गोंधळ होऊन बसतो.

सेटिंगमध्ये दोन गती दिसतील आणि येथेच बहुतेकांची चूक होते. अक्षराची गती म्हणजे अक्षर स्वतः किती वेगाने वाजते ती, आणि प्रत्यक्ष गती म्हणजे विरामांसह मिनिटाला किती शब्द होतात ती. अक्षराची गती 20 ठेवावी आणि, शेवटी सांगितलेला परीक्षेचा अपवाद सोडला तर, ती पुन्हा कधीही खाली आणू नये. प्रत्यक्ष गती सुरुवातीला 10 ठेवावी. असे केले की प्रत्येक अक्षर आपल्या खऱ्या रूपात ऐकू येते, पण दोन अक्षरांमधील विराम 0.18 सेकंदाऐवजी सुमारे 0.65 सेकंदाचा होतो आणि लिहायला सवड मिळते. या ताणलेल्या विरामांच्या पद्धतीला फार्न्सवर्थ पद्धत म्हणतात. अवघड वाटते म्हणून दोन्ही गती 5 वर आणणे हा सर्वांत घातक उपाय आहे: त्या गतीला एक डिट 240 मिलिसेकंदांचा होतो, अक्षराची आकृती विस्कटते आणि कान नाइलाजाने मोजू लागतो. मी ज्या चार महिन्यांचा उल्लेख केला ते असेच गेले.

टोन 600 ते 700 हर्ट्झच्या दरम्यान कानाला सुखावेल तेथे ठेवावा आणि अधूनमधून थोडा बदलावा, नाहीतर कान एकाच सुराला सोकावतो. अक्षरांचे गट पाच-पाचांचे असावेत. सुरुवातीला एका मिनिटाचा आणि पंधरा दिवसांनी तीन मिनिटांचा धडा घ्यावा. आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण माझा अख्खा एक दिवस वाया घालवणारी गोष्ट सांगतो: उत्तर टंकित करण्याआधी कळफलक इंग्रजीवर आहे ना, हे पाहावे. मराठी इन्स्क्रिप्ट चालू राहिला तर सगळी उत्तरे देवनागरीत उमटतात आणि सॉफ्टवेअर सगळीच चूक धरते. इंग्रजी टंकलेखनाचा हात नसेल तर सरळ वहीत लहान लिपीत लिहावे आणि नंतर ताडून पाहावे.

रोजचा सराव

रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज सकाळी पंधरा मिनिटे आणि रात्री पंधरा मिनिटे हा सराव कितीतरी पटींनी फळतो. पंधरा-वीस मिनिटांनंतर कान थकतो आणि थकलेला कान चुका पक्क्या करतो. सकाळची वेळ मला अधिक मानवते. गल्लीत दूधवाल्याची फेरी होऊन गेली की पाच मिनिटे जुना धडा, सात-आठ मिनिटे नवा धडा आणि उरलेला वेळ चुकणाऱ्या अक्षरांना, असा माझा क्रम असे.

ऐकताना एखादे अक्षर सुटले तर त्याची जागा मोकळी सोडून पुढे जावे. हे सांगायला सोपे आणि करायला कमालीचे अवघड आहे. सुटलेल्या अक्षराचा विचार करत राहिले की पुढची तीन अक्षरे कानावरून निघून जातात, आणि एका चुकीच्या चार होतात. म्हणून पहिल्या महिन्यात अचूकतेइतकेच लक्ष या सोडून देण्यावर द्यावे. 90 टक्क्यांची अट मात्र प्रामाणिकपणे पाळावी. 82 वर पुढे सरकणाऱ्याला बाराव्या-तेराव्या धड्यावर परत फिरावे लागते. एखाद्या धड्यावर आठवडा गेला तरी जाऊ द्यावा.

सर्वांना सारख्याच अडचणी येतात. एस, एच आणि 5 यांमध्ये अनुक्रमे तीन, चार आणि पाच डिट असतात आणि पूर्ण गतीला ते एकच फरफर वाटतात. व्ही आणि 4, बी आणि 6, जे आणि 1 या जोड्याही अशाच फसवतात. येथे मोजायला जाणे हा उपाय नव्हे. ज्या दोन-तीन अक्षरांत गल्लत होते तेवढीच निवडून सॉफ्टवेअरला सलग पाच मिनिटे वाजवायला लावावे. एलसीडब्ल्यूओमध्ये हवी ती अक्षरे निवडण्याची सोय आहे, आणि त्यातील ‘मोर्समशीन’ हा विभाग तर जे अक्षर आपण चुकतो तेच अधिक वेळा विचारतो. हलगीच्या आवाजावरून कोणती चाल वाजते आहे हे आपल्याकडच्या पोरासोरांना काठ्या न मोजता कळते. तशीच चार-पाच दिवसांत ‘एच’ची लांबी आणि ‘5’ची लांबी वेगवेगळी जाणवू लागते.

संगणकापासून दूर असतानाचा सराव म्हणून वाहनांच्या क्रमांकाच्या पाट्या वाचाव्यात. बिंदू चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी ‘एमएच 09’ डझनभर वेळा समोरून जाते: डा-डा, डि-डि-डि-डिट, डा-डा-डा-डा-डा, डा-डा-डा-डा-डिट. त्यापुढची दोन अक्षरे आणि चार अंक प्रत्येक गाडीचे निराळे, त्यामुळे अक्षरे आणि अंक दोहोंची पढंत आपोआप होते. ती हलक्या आवाजात, पण तोंडाने म्हणावी. मात्र पाहून म्हणणे हा पाठवण्याचा सराव आहे, ऐकून ओळखण्याचा नव्हे. ऐकण्याचा वेळ यात धरू नये.

सगळी अक्षरे झाल्यावर शब्दांकडे वळावे. ‘ईबुक टू सीडब्ल्यू’ नावाचे एक छोटे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्याला साध्या मजकुराची फाइल, अक्षराची गती, प्रत्यक्ष गती आणि टोन सांगितला की ते सगळा मजकूर मोर्समध्ये वाजवणारी एमपी3 फाइल तयार करून देते. ती मोबाइलमध्ये टाकून मी रंकाळ्याच्या काठाने फिरताना ऐकत असे. सुरुवातीला मी पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा अशी ओळखीची नावे रोमन लिपीत लिहून घेतली होती, आणि लेखणीशिवाय, केवळ डोक्यात पहिले संपूर्ण गावाचे नाव उमटले तो आनंद अजून आठवतो. पण मराठी शब्द रोमन लिपीत लिहिले की ‘ए’ आणि ‘एच’ यांचा भरणा होतो आणि एक्स, क्यू यांसारखी अक्षरे जवळजवळ येतच नाहीत, म्हणून अशा फाइलींबरोबर यादृच्छिक गटांचा सराव चालूच ठेवावा.

पाठवण्याचा सराव

पाठवायला लगेच सुरुवात करू नये. निदान पंधरा-वीस अक्षरे कानात पक्की झाल्याशिवाय हाताला की देऊ नये, कारण ज्याच्या कानात बरोबर ठेका नाही त्याच्या हातातून चुकीचा ठेकाच निघतो आणि हाताची सवय मोडणे कानापेक्षा जड जाते.

साधी मोर्स की घरी करता येते. शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्याने मला पितळेची पट्टी कापून, दोन भोके पाडून दिली. खाली बसवायला त्याच्याच कोपऱ्यातील बिडाचा एक ठोकळा मिळाला. बिडाचा ठोकळा का, तर हलकी लाकडी फळी दाबताना टेबलावर सरकते आणि हात आखडतो. ठोकळ्याच्या खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे चिकटवल्यावर की तसूभरही हलत नाही. दोन संपर्कबिंदूंमधील अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढे ठेवावे. की बोटांनी ठोकायची नसून मनगट वरखाली करून दाबायची असते, आणि कोपर टेबलावर टेकलेले असावे.

या कीला नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा बझर जोडला की सरावाचे साधन तयार होते. आता संगणकावर ‘एफएलडिजी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर सीडब्ल्यूवर लावावे, मायक्रोफोन बझरजवळ ठेवावा आणि वॉटरफॉलवर (आवाजांचे सूर दाखवणाऱ्या सरकत्या पट्टीवर) टोनची जी उजळ रेघ दिसेल तिच्यावर क्लिक करावे. आपण जे पाठवू ते पडद्यावर अक्षरांत उमटते. हा परीक्षक अजिबात दयामाया दाखवत नाही, आणि त्याच्या चुका वाचायला शिकले की आपली चूक नेमकी कोठे आहे ते कळते. ‘सी’ पाठवल्यावर पडद्यावर दोन ‘एन’ आले तर अक्षराच्या मधोमध हात थबकला. ‘टी’ आणि ‘आर’ आले तर पहिल्या डानंतर. ‘के’ आणि ‘ई’ आले तर शेवटच्या डिटआधी. ‘क्यू’चे ‘एम’ आणि ‘ए’ होणे हाही तसाच दोष. मला स्वतःला ‘सी’च्या मधोमध थबकण्याची खोड होती आणि ती जायला तीन आठवडे लागले. माणसाचा कान असा तुटलेला ‘सी’ समजून घेतो, पण त्याने ऐकणाऱ्याला श्रम होतात, म्हणून सॉफ्टवेअरचे म्हणणे येथे मानावे.

संगणकातून स्वतःच्या कीचा आवाज ऐकत असाल तर ब्लूटूथचे हेडफोन वापरू नयेत. त्यांतून आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे 20 शब्दांच्या गतीला दोन-तीन डिट मागे. कान मागचे ऐकतो, हात पुढचे दाबतो आणि लय कोलमडते. साधा वायरचा इअरफोन पुरे.

प्रत्यक्ष ऐकणे

सॉफ्टवेअरचा मोर्स काचेसारखा स्वच्छ असतो, हवेतला तसा नसतो. त्यात खरखर असते, आवाज विरतो आणि पुन्हा उमटतो, शेजारी दुसरे स्टेशन वाजत असते. जी4एफओएनमध्ये असा गोंगाट मुद्दाम मिसळता येतो. 15 शब्दांवर स्थिर झाल्यावर तो थोडा थोडा वाढवावा. ‘मोर्स रनर’ हे विंडोजवरील सॉफ्टवेअर तर रेडिओ स्पर्धेचीच नक्कल करते: एकाच वेळी अनेक स्टेशने हाका मारतात आणि त्यांतून आपण एकेकाचे सांकेतिक नाव टिपायचे असते. सुरुवातीला ते झेपणार नाही, पण वर्षभराने त्याच्याइतका दमदार व्यायाम नाही.

रेडिओ नसला तरी खरी स्टेशने ऐकता येतात. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडावा, सीडब्ल्यू निवडावे आणि 7.000 ते 7.040 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हळूहळू फिरावे. ‘सीक्यू’ म्हणजे कोणीही उत्तर द्यावे अशी हाक, ‘डीई’ म्हणजे ‘कडून’ आणि त्यापुढे येते ते बोलावणाऱ्याचे सांकेतिक नाव. ते सहसा दोन-तीनदा येते, म्हणून पहिल्या खेपेला सुटले तरी घाबरू नये. भारतीय हौशी स्टेशनांची नावे बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होतात, डि-डि-डि-डा, डि-डि-डा कानावर पडले की आपल्याकडचे कोणी बोलत आहे हे ओळखावे.

ऐकायला अडचण नाही, पण स्वतः प्रक्षेपण करण्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. आपल्याकडे हौशी रेडिओच्या परवान्याचे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड असे दोन दर्जे राहिले आहेत. जनरलच्या परीक्षेत मिनिटाला 8 शब्दांच्या गतीने मोर्स घेण्या-पाठवण्याची अट होती, तर रिस्ट्रिक्टेडला मोर्स नव्हता. अर्ज भरण्याआधी त्या वेळी लागू असलेले नियम विभागाच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावेत. 20 च्या गतीची अक्षरे ऐकायची सवय झालेल्याला 8 ची परीक्षा सोपी जाईल असे वाटते, पण परीक्षेत अक्षरेही संथ वाजली तर ती लांबलेली, अनोळखी भासतात. म्हणून परीक्षेच्या आधीचे दहा दिवस, आणि फक्त तेवढेच दिवस, अक्षराची गतीही 8 वर आणून रोज पाच मिनिटे ऐकावी. परीक्षा संपली की त्याच रात्री ती परत 20 वर न्यावी.